दत्तोबांची कळ

हडपसरच्या त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत दुपारी जरा निवांतपणा असायचा. बाहेर सोलापूर रस्त्यावर हॉर्नचा कल्लोळ, आत एसीची घरघर. डॉक्टर नीरजा चहाचा घोट घेणार, तोच मांजरी गावाहून रिक्षाने दत्तोबा आले. सत्तरी उलटलेली, छातीवर मूठ दाबलेली. मागोमाग पिशवी सावरत त्यांची बायको, मथुराबाई.

"बाई, आतनं कुनीतरी पिळतंय बगा," दत्तोबा कण्हले.

"दोन भाकरी जास्त खाल्ल्या, दुसरं काय!" मथुराबाई म्हणाल्या. पण नवऱ्याचा हात काही त्यांनी सोडला नाही.

ईसीजी व्यवस्थित होता. नीरजाने ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं. हृदयाचा स्नायू दुखावला की हे प्रथिन रक्तात उतरतं. त्याला वेळ लागतो, म्हणून काही तासांनी तपासणी पुन्हा करायची. पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. दुसराही. कळ मात्र वाढतच चालली होती.

मथुराबाई पदराने दत्तोबांच्या कपाळावरचा घाम टिपत होत्या. नीरजाने सहज हात लावून पाहिला. कपाळ कोरडं होतं. ओला होता तो मथुराबाईंचा हात. ओला आणि गार.

"आजी, तुम्हाला काही होतंय का?"

"मला काय धाड भरलीया? माझं कायबी दुखत न्हाय."

"तिचं कधीच दुखत न्हाय," दत्तोबा कसनुसं हसले. "थोरल्याच्या येळंला कळा बी मलाच आल्या."

"अवं, गप बसा की! बाईंम्होरं काय बी बोलता." मथुराबाई चक्क लाजल्या.

नीरजालाही हसू आलं. तरी तिने आजींचा ईसीजी काढला. त्यातला फरक पाहून रक्तही पाठवलं. ट्रोपोनिन भलतंच वाढलेलं निघालं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणून तिने स्वतः दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, नावं स्वतः चिकटवली.

तेच आकडे आले.

मथुराबाईंना जुना मधुमेह होता. अशा माणसाला झटका आला तरी छातीत दुखेलच असं नाही, हे नीरजाला ठाऊक होतं. आणि दत्तोबांची कळ? घाबरून असेल, तिने स्वतःला समजावलं.

अँजिओप्लास्टीसाठी मथुराबाईंना वरच्या मजल्यावर न्यायचं ठरलं. मनगटातून तार घालून तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची होती. स्ट्रेचर हललं तसे दत्तोबा म्हणाले, "जा बिनघोर. दुखायचं ते मी बगतो."

नीरजा त्यांच्यापाशी बसून राहिली. ते चादर मुठीत धरून तळमळत होते. मग एकाएकी त्यांनी लांब श्वास सोडला.

"सुटली," ते म्हणाले.

नीरजा जिन्याकडे धावायला उठली. तेवढ्यात वरून फोन आला. रक्तवाहिनी आत्ताच उघडली होती. आजी ठीक होत्या. यांनी काही खाल्लं का, विचारत होत्या.

तिने वळून पाहिलं, तर दत्तोबा गाढ झोपले होते.

"मॅडम," उल्का सिस्टर हळूच म्हणाली, "यांच्या मनगटाला सुई कोणी लावली?"

कोणीच नाही. रक्त तर कोपरापाशी घेतलं होतं.

उजव्या मनगटावर, नाडीच्या बरोबर वर, एक बारीक भोक होतं. त्यातून ताजं रक्त येत होतं.

नीरजाने कापूस दाबून धरला.

डोळे न उघडताच दत्तोबा पुटपुटले, "हळू दाबा, बाई. तिचा आत्ता कुटं डोळा लागलाय."