टीव्हीशेजारचा तोफगोळा

भिलाईच्या सेक्टर २ मधल्या त्या क्वार्टरात गेली पन्नासेक वर्षं साक्षात मृत्यू उभा होता. सध्या त्याच्यावर धम्मपालचे मोजे वाळत होते.

देवानंदने मोजे दोन बोटांनी बाजूला केले. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून उभा जन्म गेलेला माणूस. बहीण गिरजाबाईंचा फोन आला तसा नागपूरहून मिळेल ती गाडी पकडून आला होता. उद्या एक जानेवारी, शौर्यदिन. विहारात हा गोळा काचेच्या पेटीत बसणार होता आणि खाली गिरजाबाईंच्या नवऱ्याचं नाव: चंपत, एकाहत्तरच्या लढाईतला वीर. कमिटीची अट एकच. गोळा जिवंत नाही, असं जाणत्यानं सांगावं.

"भाटवे, कुठं सापडला?" त्याने बहिणीच्या नवऱ्याला विचारलं.

"सापडला नाही, आला." प्लांटातले निवृत्त टर्नर चंपत खुर्चीत ताठ झाले. "टेरिटोरियल आर्मीचं बोलावणं आलं होतं. शत्रूनं तोफ डागली, गोळा माह्या पायापाशी पडला. फुटलाच नाही."

गिरजाबाईंनी पदरानं गोळा पुसला. "धम्मपाल झाला तवा मी माहेरी मरता मरता वाचली. हे आले नाही. पण मी एक शब्द बोलली नाही. सरहद्दीवरच्या माणसाले काय बोलाव?"

देवानंदने चष्मा चढवला. गोळ्याच्या कमरेला तांब्याचं कडं. गुळगुळीत. टोकाला बारीकसा खड्डा. बुडाला लोखंडी हूक.

"हा हूक कायचा?"

"तोफेत अडकवाले."

"संग कोन होतं?"

"सेक्टर दहाचा पंजाबराव. माह्या मांडीवर मेला बिचारा."

"कसा?"

"छातीत गोळी."

"बाबा, मागच्या साली तं तुमी सुरुंगावर पाय पडला सांगतलं," धम्मपाल म्हणाला.

"तो दुसऱ्या दिवशी," चंपत बोलून गेले.

देवानंद स्टुलावर टेकला.

"ताई, गोळा जिवंत नाही. कधी नव्हताच. तोफेतून सुटलेल्या गोळ्याच्या कड्यावर नळीचे तिरपे चरे पडतात. कितीही घासा, जात नाहीत. हे कडं नव्या नवरीच्या बांगडीवानी साफ हाय. टोकात फ्यूज बसाले भोक लागते. इथं नाही, आतून भरीव हाय. अन् हा खड्डा लेथ मशीनचा. गोळा सरहद्दीवर पडला नाही, इथंच भिलाईत टर्नरनं घडवला."

"मंग हूक?" गिरजाबाईंचा हात अजून गोळ्यावरच होता.

"दोरीनं वरून सोडाले. दोरीनं गोळा कुठं पडते? अन् आज गोळीनं मेलेला माणूस उद्या सुरुंगावर पाय कुठं देते?" देवानंदने उत्तराची वाट पाहिली नाही. "स्टेजवर. भाटवे, लढाई नव्हती. नाटक होतं. धम्मपाल झाला तवा आले नाही, मंग ताईले तोंड दाखवाले कारण पाहिजे होतं."

चंपतनी छताकडे पाहिलं. "तीन प्रयोग झाले," ते हळूच म्हणाले. "पंजाबरावच्या मरणाले वन्स मोअर भेटला."

"म्हणजे पंजाबराव काका जित्ते हायेत?" धम्मपालने विचारलं.

"हाय ना. मीच सांगतलं त्याले, सेक्टर दोनकडे फिरकू नको म्हणून."

"गोळा लाकडाचा तरी करायचा, बाबा!"

"मी टर्नर. सुताराच्या पाया कोन पडल?"

गिरजाबाईंनी एवढंच विचारलं, "माह्या तब्येतीचा निरोप भेटला होता तुमाले?"

"भेटला होता."

"कवा?"

"तालमीत."

गिरजाबाईंनी गोळ्यावरचा हात काढला, पदराला पुसला आणि त्या आत गेल्या. चंपत मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत बसले. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात झाडू होता.

"धम्मपाल," नवऱ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले म्हनाव, पाय वर घे. मले झाडायचं हाय."