डाव्या हाताचं सारवण

ज्याला खोटं वाटतं त्यानं खुशाल खोटं म्हणावं. पण आधी एकदा कवठाच्या फाट्यावर भर दुपारी एकटं बसून दाखवावं. मग बोलू.

ही गोष्ट माझ्या मोठ्या मावशीची, कौशल्याबाईची. जानेफळकडची. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आणि यात रात्र नाही की अमावस्या नाही. जे घडलं ते वैशाखाच्या उन्हात, चार माणसांच्या देखत घडलं.

फाट्यावर तेव्हा एक कवठाचं झाड, त्याखाली दगडी ओटा आणि ओट्यामागे पत्र्याचा बोर्ड. बोर्डावर गाड्यांच्या वेळा. पांढऱ्या रंगात, चांगल्या ठळक.

त्यातली दुपारची मेहकरची गाडी आदल्या पावसाळ्यातच बंद झाली होती. नाल्यावरचा पूल खचला आणि गाडी दुसऱ्या वाटेनं जायला लागली. बोर्डावरची ओळ मात्र तशीच राहिली. रोजच्या लोकांना ते ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांची फिकीर कोणाला?

मावशीची एकुलती एक लेक रुख्मिणी तेव्हा माहेरी आलेली. अंगात सणकून ताप. दोघी मायलेकी मेहकरच्या दवाखान्यात जायला फाट्यावर आल्या. रुख्मिणी चौथी शिकलेली, घरात वाचता येणारी ती एकटीच. तिनं बोर्ड वाचला आणि मायला सांगितलं, तिसरी गाडी आपली.

ऊन चढलं. गाडी नाही.

ऊन डोक्यावर आलं. गाडी नाही.

मावशी म्हणाली, घरी जाऊ, शेजाऱ्याची बैलगाडी मागू. रुख्मिणीनं मान हलवली.

"लिवलं हाये न माय. येते गाडी."

त्याच ओट्यावर ती गेली. मायच्या मांडीवर डोकं ठेवून, रस्त्याकडे बघत.

तेरवी झाली आणि मावशी डेपोत जाऊन धडकली. तिथला बाबू म्हणाला, बोर्ड सरकारी आहे, वरून हुकूम आल्याशिवाय हात लावता येत नाही. पुन्हा गेली, पुन्हा तेच. तेव्हा मावशी त्याच्या टेबलासमोर ताठ उभी राहिली.

"तुमाले हात लावता येत नाही न? मले येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी घमेल्यात शेणाचा काला घेऊन ती फाट्यावर गेली. तिसरी गाडी, एवढं तिला पक्कं आठवत होतं. वरून तिसरी ओळ मोजली आणि तिच्यावर शेण सारवून टाकलं.

पण सगळ्यात वर फाट्याचं नाव लिहिलेलं होतं. वाचता येत नसल्यानं मावशीनं ती ओळही एक गाडीच धरली. सारवली गेली ती सकाळची चिखलीची चालू गाडी.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा फाट्यावर गेली, तर ओट्यावर शाळेचे भालचंद्र गुरुजी बसलेले. ते म्हणाले, बाई, काल तुमची ओळ चुकली होती, मी सांगणारच होतो. आज तुम्हीच दुरुस्त केलीत, बरं झालं.

मावशी तर सकाळपासून शेतात होती...

तिनं वर पाहिलं. कालची ओळ स्वच्छ पुसलेली. आणि तिच्या खालची ओळ सारवलेली.

ओल्या शेणानं.

जी बाई रोज अंगण सारवते तिला हात ओळखता येतो. उजव्या हातानं सारवलं की बोटांच्या कमानी एकीकडे वळतात, डाव्या हातानं सारवलं की उलट्या. रुख्मिणी डावरी होती. लहानपणी मावशीनं त्या हातावर किती मारलं असेल, पण सारवायला बसली की पोरीचा डावाच हात पुढे यायचा.

बोर्डावरच्या कमानी उलट्या होत्या.

मावशी ओरडली नाही, की पळाली नाही. तिनं त्या कमानींवर आपला पंजा ठेवला. वैशाखात तापलेला पत्रा, हात भाजायला हवा होता.

पत्रा गार होता...

पुढे व्हायचं तेच झालं. कोणीतरी तक्रार केली आणि डेपोचे एक साहेब शिपायाला घेऊन जीपमधून आले. शिपायानं बोर्ड घासूनपुसून लख्ख केला. साहेब म्हणाले, सरकारी वस्तू खराब केलीत, माफी मागा, नाहीतर केस होईल. गुरुजी मध्ये बोलायला गेले, तर त्यांनाही दटावलं.

"माफी कायची, साहेब?" मावशी म्हणाली. "त्या ओळीनं माही लेक खाल्ली. बसा हितं माह्यासंगं. गाडी आली तं मी सोताहून जेलात जाईन."

साहेबही हट्टाला पेटले. बसले. बोर्डाकडे पाठ, रस्त्याकडे तोंड.

झाडावर होले घुमत होते. ते एकदम गप्प झाले.

पान हलेना.

मग वास आला... ओल्या शेणाचा. मावशीनं त्या दिवशी घमेलंच आणलं नव्हतं.

आणि पाठीमागे, पत्र्यावर...

सर्र... सर्र... सर्र...

मध्येच बांगड्यांची किणकिण. शिपाई रामराम पुटपुटायला लागला. साहेबांच्या मानेवर घाम, पण मान काही वळेना. एकटी मावशी ताठ बसून होती. रस्त्यावरची नजर न काढता ती मोठ्यानं म्हणाली,

"जाड लाव, बाई. साहेबाले नीट दिसू दे."

आवाज थांबला.

साहेबांनी शेवटी मागं पाहिलं. काय पाहिलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गुरुजींनी मात्र मला सांगितलं. ओळ पूर्ण झाकलेली होती, आणि कमानी उलट्या होत्या. साहेब टोपी ओट्यावरच विसरून जीपमध्ये जाऊन बसले. वरून हुकूम आला की नाही देव जाणे, पण त्याच आठवड्यात ती ओळ काळ्या रंगानं बुजवली गेली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, दुपारची गाडी बंद आहे.

मावशीनं शेवटपर्यंत कोणाची माफी मागितली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

मी हे सगळं विसरलोही असतो. पण परवा मला खामगावला जायचं होतं. फाट्यावर आता नवा बोर्ड आहे. संध्याकाळची खामगावची गाडी लिहिलेली होती. वाचली आणि निवांत ओट्यावर बसलो.

थोड्या वेळानं वास आला...

वळून पाहायला किती हिंमत लागते, ते मला त्या दिवशी कळलं. खामगावची ओळ ओल्या शेणानं झाकली होती. अर्ध्या कमानी डावीकडून आलेल्या, अर्ध्या उजवीकडून. दोन्ही हात मधोमध भेटलेले.

मी पायीच जानेफळची वाट धरली. तिथं पोचल्यावर कळलं, ती गाडी त्याच दिवसापासून बंद झाली होती. डेपोनं अजून कोणाला कळवलंही नव्हतं.

त्या दिवशी वाटेत जो भेटला त्याला मी थांबवून सांगत गेलो, बाबा, बसू नको तिथं, ती गाडी येत नाही.