ऊठ, मी आहे

सोमवारी सकाळी डोंगरीच्या बसमध्ये चढले आणि समोर रोशन. खिडकीशी, मांडीवर बॅग घेऊन. ज्याची नोकरी टिकावी म्हणून मी माझी सोडली, तो ड्यूटीच्या वेळेला बसमध्ये. माझं डोकंच फिरलं.

"तू ड्यूटीवर का नाहीस?"

"सुरुची... तू का नाहीस?"

बस सुटली. मी त्याच्या शेजारी आदळले.

मीरा रोडला एका बड्या गॅस कंपनीच्या तक्रार कक्षात आम्ही होतो. मी सकाळी, तो दुपारी. फोनपाशी कायम कुणीतरी हवंच, त्यामुळे पुढचा माणूस येऊन "ऊठ, मी आहे" म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. तो रोज लवकर यायचा, मी रोज खुर्चीवरून उशिरा उठायचे. मधल्या चहावर आमचं सगळं चाललं होतं — म्हणजे काहीच नाही, बोललं कोण होतं?

मग कंपनीची पुनर्रचना आली. दोघांतला एकच राहणार, सकाळपासून दिवसभर. कोण स्वतःहून जातंय, ते साहेबांना सांगा.

"मी जाते म्हणाले," मी म्हटलं. "तुझी आई आजारी, म्हणून."

त्याचे कान लाल झाले. "मी पण तेच केलं. तुझ्या भावाचं कॉलेज चाललंय ना..."

"आणि साहेब?"

"थँक्यू म्हणाला."

"मलाही."

एकाला काढायचं होतं, मेल्याने दोघांना काढलं आणि वर तोंड भरून हसला. आता काशीगावात कुणाच्या स्वयंपाकघरात गॅस गळला तर फोन कुठल्या गावी वाजेल, देव जाणे. संतापाने माझे डोळे भरून आले. रोशनने रुमाल पुढे केला, तो मी झटकला.

"माझ्यावर उपकार करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"तू तरी इचारलंस मला?" रागावला की त्याच्या तोंडी गावची बोली यायची. "मला ती खुर्ची न्हाय पायजे. मला तू पायजे."

पुढच्या सीटवरच्या मावशी वळून बघायला लागल्या. बघू देत.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "पण माझ्या गावच्या बसमध्ये तू काय करतेयस?"

"सुकट घ्यायला चाललेय."

"तू मासे खात नाहीस."

"...शिकेन."

डोंगरी आलं. तो सवयीने म्हणाला, "ऊठ, मी आहे."

"नाही. आज दोघं एकदम उठायचं."

त्या खुर्चीपायी आम्ही कधी बरोबर बाहेर पडलोच नव्हतो. राग अजून तसाच होता. त्याचा हात घट्ट धरून मी खाली उतरले.