पाण्याकाठची लाल खुंटी

“खुंटी मारून झाली की रोज तिचा एक फोटो काढून ठेवत जा, ताई,” नगररचना कार्यालयातला कारकून तिला म्हणाला होता.

तिने हो म्हटलं आणि सोडून दिलं. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, नवरा जहाजावर, आणि भाड्याच्या खोलीचा मालक उठता-बसता ‘कधी सोडताय’ विचारणारा. त्यात एका लाकडी खुंटीचे फोटो काढत कोण बसणार?

तीन आठवड्यांनी समिती आली, टेप लावला, आणि तिचा अर्ज फेटाळून गेली.

“पहिल्यापासून सांग,” शोधबाई म्हणाल्या. भूमापन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या खाजगी तपास करत. सगळे त्यांना याच नावाने ओळखत. शेजारी त्यांचे यजमान वही उघडून बसले होते.

“नदीकाठी आमचं घर होतं. पुरात खचलं, पाडावं लागलं. नवीन बांधायचं तर पाण्यापासून बारा मीटर सोडायचे. आमची जागा टीचभर, नऊच सुटतात. समिती तीन मीटरची सवलत देऊ शकते, त्यापुढे एक बोटही नाही. नेहमीचं पाणी कुठवर असतं ते दाखवायला मोजणीदाराने लाल खुंटी ठोकली होती. समितीने तिथून मोजलं, तर सातच भरले.”

“म्हणजे जमीन आकसली?” यजमानांनी विचारलं.

“खुंटी सरकली, अहो. तुम्ही लिहा.”

त्या जागेला शेजार तिघांचा. डावीकडे होड्या दुरुस्त करणारा. त्याने हातातला रंधा थांबवला नाही.

“मागितली होती ही जागा, होड्या ठेवायला. पण खुंटी उपटायला कंबर वाकायला नको? दोन महिने पट्टा बांधून हिंडतोय.”

रस्त्यापलीकडे लॉजची मालकीण.

“घर झालं की माझ्या खोल्यांतून नदी दिसणार नाही. म्हणून मी लेखी विरोध केलाय, खाली सही ठोकून. चोरून कशाला करू? आणि समिती आली त्या दिवशी धरणाची दारं उघडलेली. पाणी अंगणात यायचं बाकी होतं, मी पाहुण्यांच्या गाड्या हलवत होते.”

उजवीकडे आजोबा, एकटेच. ओटीवर जुन्या वह्यांची चळत, खिळ्याला लाकडी मोगरी, तिच्या तोंडाला फडकं गुंडाळलेलं.

“पाटबंधारे खात्यात होतो. चाळीस वर्षं सकाळची पातळी मीच घेतली,” ते शोधबाईंना म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “मुलीचं नाव काय ठेवलंत?”

तिने सांगितलं. काल सांगितलं होतं, परवाही.

“छान. साहेबांना सांगा, आज दोन बोटं उतरलंय.”

“सांगते, आजोबा.” हे तर रोजचंच होतं.

शोधबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. नकाशावरून त्यांनी मूळ जागा शोधली. सकाळपासून पाणी बरंच ओसरलं होतं; तिच्या मागेपुढे गाळाने अजून न बुजलेली आणखी भोकं निघाली: दोन पाण्याकडे, एक घराकडे. खुंटी त्याहूनही घराकडे उभी होती; ओळंब्यात धरल्यासारखी सरळ, डोक्यावर ठोकल्याचा एक वणही नाही.

“उद्या सकाळी सहाला सगळे इथे या,” त्या म्हणाल्या. “आजोबांना बोलावू नका.”

सकाळी होडीवाला जांभया देत आला, मालकीण शाल लपेटून.

“हिचं वाईट चिंतणारा खुंटी घराकडे नेईल,” शोधबाईंनी सुरुवात केली. “पण ती पाण्याकडेही गेली होती. त्यात हिचाच फायदा. वैरी असं का करेल?”

“मग हिनेच केलं?” यजमान.

“आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडायला परत घराकडे आणली? लिहा, अहो. या काठावर मागेपुढे होणारी गोष्ट एकच, पाणी. धरण सोडलं त्या दिवशी पाणी दोन मीटर आत आलं, खुंटीही दोन मीटर आत. कुणीतरी रोज ती पाण्याच्या कडेला नेऊन ठोकतंय. फडकं बांधलेल्या मोगरीने, सवयीच्या हाताने. ज्याला आपली नोकरी संपल्याचं आठवत नाही असा माणूस.”

फाटक वाजलं. आजोबा आले, हातात मोगरी.

“जरा बाजूला व्हा मंडळी, नोंद घ्यायचीय.”

त्यांनी खुंटी काढली, पाण्यापर्यंत नेली, चार ठोक्यांत बसवली. मग यजमानांच्या वहीकडे पाहिलं.

“तीन बोटं उतरलं. लिहिताय ना, साहेब?”

यजमानांनी लिहिलं.

फेरमोजणीच्या अर्जात एक रकाना होता: खूण हलवणाऱ्याचं नाव. तो कोरा ठेवून चालणार नव्हतं. “शिक्षा नाही होत,” कारकून म्हणाला. “फक्त घरच्यांना नोटीस जाते.”

“नाव न देता काही करता येईल?” तिने शोधबाईंना विचारलं.

“कोणी केलं ते मला शोधता येतं गं. त्याचं काय करायचं, ते नाही येत.”

दोन दिवस तिने अर्ज पिशवीत ठेवला. तिसऱ्या दिवशी घरमालकाने महिनाअखेरची मुदत दिली, आणि तिने नाव लिहिलं.

तिला फेरमोजणीसाठी चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. सवलत मिळेल की नाही, कुणी सांगत नाही. आठवड्याभरात आजोबांचा मुलगा शहरातून गाडी घेऊन आला. अर्ध्या तासात सामान भरलं, घराला कुलूप घातलं. आजोबा पुढच्या सीटवर बसले होते. तिने काच वाजवली, तेव्हा ते ओळखीचं हसले; ओळखलं की नाही, देव जाणे. मुलगा पत्ता न ठेवता गेला. आता फोनही उचलत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या इमारतीत अलीकडे कुणी उंच, वाकलेले आजोबा राहायला आले असतील आणि दिवसा त्यांच्या दाराला बाहेरून कडी दिसत असेल, तर एकदा वर जाऊन या. ते जेवलेत का, एवढं बघा. आणि तिला कळवा.