तपासायची राहिलेली खिडकी

बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर पायरीवर एक शिडी उभी होती. शिडीमागे माणूस आहे, हे जरा उशिराच कळलं.

"घर तपासायला आलोय," शिडी म्हणाली.

"आज? एवढ्या पावसात?"

"पावसातच. उन्हात सगळीच घरं गुणी असतात."

शिडी भिंतीला टेकली आणि मागून तो दिसला. ओले केस, चष्म्यावर थेंब. चष्मा पुसून त्याने वर पाहिलं… आणि मी उगाचच पायाने पायपुसणं सरळ केलं.

खरं तर त्याच्यावर मी आधीपासूनच वैतागले होते. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून घर विकून दादाच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला जायचं ठरत होतं. घर घेणाऱ्या बाई हुशार. आधी तपासणी, मग सौदा, असं त्यांनी बजावलं होतं. मला मात्र हे घर सोडायचंच नव्हतं. आईचं शिवणाचं मशीन ज्या खोलीत घरघरायचं, ती खोली दुसऱ्या कुणाची कशी होणार? तेव्हा माझी सगळी भिस्त या माणसावर होती. त्याने इतके दोष काढावेत, की बाईंनी धूम ठोकावी!

विकणारे डाग झाकतात. मी दाखवत सुटले.

"ही फरशी बघा, वाजते."

तो उकिडवा बसला. लाकडी दांड्याने ठक… ठक… करत कान खाली नेला. मनातल्या मनात मी त्याचं बारसं करून टाकलं – ठकठकराव.

"एकदोन पोकळ आहेत. बाकी ठणठणीत."

"आणि हा छतावरचा डाग? केवढा मोठा!"

तो शिडीवर चढला, डागाला ओल मोजायचं यंत्र लावलं. "कोरडा आहे. गळती कधीच थांबलीय, नुसती खूण राहिलीय."

त्या गळतीखाली आईने घरातली सगळी पातेली मांडली होती. प्रत्येकाचा सूर वेगळा लागतो म्हणून आम्ही दोघी हसत बसलो होतो. बाबा छतावर भिजत होते आणि आम्ही खाली मैफल ऐकत होतो…

"दार घासतं," मी दाराकडे वळत म्हटलं.

"पावसात लाकूड फुगतं. नंतर उतरतं आपोआप."

"आणि नाहीच उतरलं तर?"

"तर थोडं समजुतीने घ्यायचं." त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी फुगलेली नाहीये!"

"मी दाराबद्दल बोलतोय."

स्वयंपाकघरात त्याने नळ सोडून पाहिले, सिंकखाली डोकं घातलं, एकेक प्लग तपासला. मी चहा टाकला होता. कप पुढे केला, तर दोन पावलं मागे!

"नको. तपासायच्या घरचं मी पाणीसुद्धा घेत नाही."

"विष घालत नाही आम्ही."

"चहा प्यायला की भेगा बारीक दिसायला लागतात."

"बरं!" म्हणून मी खिडकीला टेकून तोच चहा मुद्दाम फुंकर मारत प्यायले. तो खिडकीकडे वळला… थबकला… "अं… झालं इथलं," म्हणाला आणि जिन्याकडे निघून गेला. कान लाल झाले होते. मला वाटलं, चहाची वाफ लागली असेल.

जिन्याच्या वरच्या टोकाला त्याने कठडा हलवला. कठड्याचा पाय बुडातून सुटून त्याच्या हातात आला. गंजाचे पापुद्रे पायरीवर सांडले.

"काय साहेब, आमचं घर पास की नापास?" खालून बाबा विचारत होते. विचारता विचारता चढतही होते… त्याच कठड्यावर सगळा भार टाकून.

"काका, थांबा! आहात तिथेच थांबा!"

धडाधड उतरून त्याने बाबांना आपला हात दिला, सावकाश खाली नेऊन बसवलं. मग परत येऊन स्वतःजवळच्या दोरीने कठडा आवळून बांधला.

"माझा अहवाल घेणाऱ्यांसाठी असतो," तो हळूच म्हणाला. "विकणाऱ्यांना काही सांगायचं नसतं. पण हे सांगतो. वेल्डरला आजच बोलवा. आणि काकांना हा जिना… नकोच आता. बाकी घर छान आहे. कुणीतरी फार मायेने सांभाळलंय."

सगळं घर मी त्याला दाखवलं होतं. बाबांचा हात रोज जिथे टेकतो, तेवढीच जागा माझ्या नजरेतून सुटली होती. त्या संध्याकाळी मीच बाबांना म्हटलं, "देऊन टाकू या घर."

सौदा झाला. दादाकडे आईचं मशीन कुठल्या खिडकीत ठेवावं या विचारात मी होते, तेवढ्यात बेल वाजली. या खेपेला शिडी नव्हती.

"तक्रार आलीय," तो म्हणाला.

"कसली?"

"बाईंचा फोन होता. वाऱ्याने स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली म्हणे. कडी मोडकी आहे. आणि माझ्या अहवालात त्या खिडकीबद्दल अवाक्षर नाही."

"सगळं घर ठोकून पाहिलंत, आणि खिडकी राहिली?"

"तिथे… तुम्ही उभ्या होतात."

आतून वहिनीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. बाबा मोठ्यांदा खोकले.

"मग… कडी?" मी कसंबसं विचारलं.

"आत्ताच बसवून आलो."

"आणि आता… चहा चालेल?"

"त्यासाठीच तर आलोय."

आज आमची छकुली रांगते, हाताला लागेल ते धरून उभी राहते. प्लग, पायऱ्या, कठडे… मला झोपेतही तेच दिसतात. भाड्याचं सोडून स्वतःचं घर घ्यायचंय. एक आवडलंयही. मघाशी मी म्हटलं, "उद्या नीट तपास हं, एकेक फरशी!"

"मी नाही. माझी सहकारी येणार आहे."

"वा! साऱ्या जगाची घरं तपासतोस, आणि आपल्याच वेळी अंग काढतोस?"

"परवा आपण बघायला गेलो होतो ना," छकुलीचं टोपडं बांधत तो म्हणाला, "तू हिला कडेवर घेऊन त्या मागच्या खोलीत उभी राहिलीस… मला भिंत दिसलीच नाही."



तेव्हा उद्या तीच तपासेल. मी एवढंच ठरवलंय… ती स्वयंपाकघरात शिरली, की आपण तिघांनीही खिडकीपासून चांगलं लांब उभं राहायचं.