अर्धं मिनिट

मेडिकलची परीक्षा चौथ्या मजल्यावर होती. एक खाट, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. दर दहा मिनिटांनी घंटा वाजायची आणि नवा विद्यार्थी आत यायचा. मी कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसले होते.

खाटेवर जवळच्या शाळेतल्या बाई होत्या. निवृत्त झाल्यापासून त्या आमच्या परीक्षांना खोटा पेशंट होऊन येतात. "जन्मभर मुलांची पोटदुखीची नाटकं पाहिली, आता माझी पाळी," असं म्हणून हसतात. त्या दिवशी त्यांना मायग्रेनची बाई व्हायचं होतं. काय सांगायचं ते मीच लिहून दिलं होतं: डावी बाजू ठणकते, मळमळतं, कॉलेजात असल्यापासूनचा त्रास.

पहिले तिघे ठीक गेले. चौथ्यानं विचारलं, "दुखणं सुरू कसं झालं?"

बाई म्हणाल्या, "दोरीवर कपडे टाकत होते. एकदम कडी तोडून कुणीतरी डोक्यात शिरलं."

माझं पेन थांबलं. हे मी लिहून दिलं नव्हतं. आणि हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं.

अठरा वर्षांपूर्वी मी शिकाऊ डॉक्टर होते. दुपारची ओपीडी, बाहेर रांग, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. एक बाई आली, सोबत दहा वर्षांची मुलगी. बाई हेच बोलली, याच शब्दांत. मी मान वर न करता केसपेपरवर 'मायग्रेन' लिहिलं आणि गोळ्या दिल्या. डोकं असं अचानक फुटायला लागलं तर पेशंटला आडवं करायचं, डोक्याखाली हात घालायचा आणि मान वाकते का पाहायचं. ताठ असेल तर मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अर्धं मिनिट लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई गेली. चौकशी बसायच्या आत मी तो केसपेपर काढला आणि त्याच पेनानं दोन शब्द वाढवले: 'मान लवचिक.' चौकशीत मी निर्दोष ठरले. आमचे सर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "नशिबापुढे कुणाचं चालतं?" मी शेजारी खाली बघत उभी होते.

तेव्हापासून प्रत्येक वर्गाला मी मान तपासणं घोटून घेते. "मान तपासली नाही तर मॅडमकडे मान राहत नाही," अशी मुलं माझी थट्टा करतात. मीही हसते.

घंटा वाजल्यावर मी बाईंजवळ गेले. "ते कडी तोडल्याचं कुठून आणलंत?"

"कसली कडी?" त्या गोंधळल्या. "तुम्ही दिलंय तेच बोलले की मी. डावी बाजू ठणकते म्हटलं."

मी त्या मुलाचा कागद पाहिला. 'डावी बाजू ठणकते,' एवढंच होतं.

पाचवी विद्यार्थिनी नेटकी होती. तिनं बाईंना आडवं केलं, डोक्याखाली हात घातला आणि उचललं.

डोक्याबरोबर खांदेही वर आले. फळी उचलावी तसे.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मान ताठ आहे. हे ठरलेलं आहे का?"

मी उठले. तिचा हात बाजूला करून माझा घातला. मान लाकडासारखी होती. केस मुळापासून घामानं ओले होते.

बाईंचे डोळे मिटलेले होते. "तेव्हा तुझ्याकडे अर्धं मिनिट नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता.

मी हात तसाच ठेवला.

"मुलीला सांग."

घंटा वाजली. माझ्या हातातली मान सैल पडली.

"अगंबाई, डोळा लागला की काय माझा?" बाई उठून बसल्या. केस कोरडे होते.

मी परीक्षा थांबवली आणि त्यांचा स्कॅन करून घेतला. काही निघालं नाही. त्याच संध्याकाळी विभागप्रमुखांना सगळं लिहून दिलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता?" म्हणाले. मी पत्र परत घेतलं नाही.

रविवारी भर दुपारी मी त्या गेलेल्या पेशंटच्या मुलीच्या घरी गेले. पत्ता शोधायला तीन दिवस लागले होते. तिनं मला ओळखलं, बसा म्हणाली, समोर बसली. मी काहीही न लपवता सांगितलं. त्या दोन शब्दांचंही. ती रडली नाही, ओरडली नाही. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

ती उठली. खिडकीतून ऊन येत होतं, माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडलं होतं. तिनं पडदा ओढला, कडेची फटसुद्धा नीट झाकली.

"उजेड सहन होत नाही आईला," ती म्हणाली.