तीनशे, दोनशे, एकशे पस्तीस

जुन्या लेन्सला कुणी भंगार म्हटलं की माझं डोकं फिरतं. जव्हारला माझा फोटो स्टुडिओ आहे, रीळ धुण्याच्या काळापासूनचा. त्या काळातल्या तीन टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्स मी जिवापाड जपल्या आहेत: एक तीनशेची, एक दोनशेची, एक एकशे पस्तीसची. दिवाळीत ठाण्याचा भाचा, तन्मय, आपला नवा कॅमेरा मिरवत आला आणि म्हणाला, "मामा, हे सगळं आता शोकेसमध्ये ठेवा." मी जुन्या लेन्स बसवायची कडी मागवली, माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावली आणि ठरवलं, तिन्ही लेन्सनी एकाच वस्तूचे फोटो काढायचे आणि पोराचं तोंड बंद करायचं.

पुढच्या रविवारी दुपारी बायकोला, विद्याला, घेऊन साखरशेत गावाला गेलो. तिथल्या जगनच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, त्यामुळे त्याच्या शेतात मला कुणी अडवणार नव्हतं. भात कापून झालं होतं. शेताच्या मधून ओहोळ जातो. अलीकडे ट्रायपॉड ठेवला आणि पलीकडे, मोजून साठ मीटरवर, बुजगावण्याला करतात तशी काठ्यांची फुली रोवली. विद्यानं तिच्याशेजारी पाटी धरून उभं राहायचं आणि कुठली लेन्स लावली तो आकडा खडूनं लिहायचा, म्हणजे पुढे फोटोंची सरमिसळ होत नाही.

लेन्स पारखायची तर समोर बारीक रेघा लागतात. त्याला चौकडीचं कापड सगळ्यात चांगलं. नेमकं तेच मी घरी विसरलो होतो. शेजारच्या करवंदीच्या जाळीवर एक चौकडीचा शर्ट टाकलेला होता, तो मी ओढला.

"त्याला हात नको लावू, शेठ," जगन म्हणाला. "जिवाचा हाये तो. परवा मेला ना जिवा, त्याचा. त्याच्या नावानं सोडलेला हाये."

"अरे, अर्ध्या तासाचं काम. परत ठेवतो."

"सोडलेलं कोनी घेत नाय. तू त्याचं घेशील, तो तुझं घेईल."

मला हसू आलं. शर्ट त्या उन्हातही ओलसर होता आणि त्याला ओल्या राखेचा वास होता. मी तो काठीवर चढवून वरचं बटण लावलं. विद्या दोन पावलं बाजूला सरकली.

"मला नाही आवडलं हे," ती हळूच म्हणाली.

"उभी राहा गं गपचूप," मी खेकसलो. ते खेकसणं अजून माझ्या कानात आहे.

जगनला घेऊन मी अलीकडे आलो. आधी तीनशेची लावली. हातानं रिंग फिरवली आणि स्क्रीनवर चौकड्या अशा स्वच्छ उमटल्या की तन्मय इथे हवा होता असं वाटलं. शेजारी विद्या, पाटीवर तीनशे. फोटो काढला.

मग दोनशेची. लेन्स लहान झाली की सगळंच लहान दिसतं. विद्या लहान झाली, झाडं लहान झाली. शर्ट मात्र तेवढाच राहिला. फोकस लागेना म्हणून रिंग जवळच्या अंतराकडे फिरवावी लागली. मी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. शर्ट काठीवर होता, विद्याच्या शेजारी, जागच्या जागी. पुन्हा स्क्रीनवर पाहिलं तर विद्याच्या शेजारची काठी उघडी होती, आणि शर्ट बराच पुढे आला होता. त्याच्या आत काठी नव्हती.

इथेच थांबायला हवं होतं. पण तीस वर्षं लेन्स हाताळणारा माणूस मी. मला वाटलं, कडी सैल असेल. मी एकशे पस्तीसची लावली.

विद्या आता नखाएवढी दिसत होती. शर्ट तेवढाच. रिंगवरचा आकडा तीस मीटरच्याही अलीकडे आला होता, म्हणजे ओहोळाच्या या काठावर. बाह्या भरलेल्या होत्या. कॉलरच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही.

जगननं स्क्रीनवर पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

"आता दुसरी काच नको लावू... शेठ, तू काढला, तूच नेऊन टाक. बाईला हात लावू नको देऊ."

विद्या पलीकडे एकटी होती. तिला आणायचं तर मला त्या जागेतूनच जायचं होतं. मी चालू लागलो. समोर काहीच दिसत नव्हतं, नुसतं ऊन आणि कापलेल्या भाताचे खुंट. ओहोळाशी आलो आणि ओल्या राखेचा वास नाकात शिरला. कोपराला थंड कापड घासून गेलं. मी पळालो.

काठीवरचा शर्ट आता कोरडा ठणठणीत होता. मी तो जाळीवर टाकला, हात जोडले, चुकलं म्हणालो. मग विद्याचा हात धरून तिला ओढतच अलीकडे आणलं. तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही.

सामान आवरताना मनाची खात्री करायला मी पुन्हा तीनशेची लावली. शर्ट जाळीवर होता. काठी उघडी होती. आणि काठीशेजारी विद्या उभी होती, पाटी छातीशी धरून, माझ्याकडे बघत. ती काहीतरी ओरडत होती.

मी मान वर केली. पलीकडे कुणी नव्हतं.

"झालं ना तुमचं?" माझ्या मागून विद्याचा आवाज आला. "चला घरी."

जगन तिच्याकडे बघत मागे मागे सरकत गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

याला आता नऊ आठवडे झाले. घरात सगळं सुरळीत आहे. स्वयंपाक होतो, शेजारणी येऊन बसतात, कुणाला काही वेगळं वाटत नाही. मी दर रविवारी एकटाच साखरशेतला जातो आणि तीनशेच्या लेन्समधून माझ्या बायकोला बघतो. त्या काठीजवळ जाऊन मी हातांनी चाचपडूनही आलो, हाताला हवा लागली. तीन आठवड्यांपूर्वी सहज दोनशेची लावली. विद्या तीनशेतून दिसायची तेवढीच दिसली. गेल्या रविवारी एकशे पस्तीसची लावली, तरी तेवढीच. ती निघाली आहे. ओहोळ ओलांडून माझ्याकडे येते आहे. मी तिथेच बसून पोटभर रडलो.

आता पन्नासची एक साधी लेन्स उरली आहे. त्याच हिशेबानं ती लावली की विद्या माझ्यापासून दहा मीटरवर असेल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय, तेही हळू आवाजात.

आज सकाळी मी बॅग भरत होतो, तर ही दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"उद्या मीही येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पन्नासची घ्यायला विसरू नका."